बोअर तुझा, पण पाणी कुणाचं? गावं पाणी आणि जमीन कशी वाटून घेतात, समजून घ्या सोप्या भाषेत



रूमवर सहा जण राहतात आणि वाय-फाय एकच. वर्गणी सगळ्यांनी सारखी काढलेली. एकाने रात्री मोठी गेम डाऊनलोडला लावली, की बाकी पाच जणांच्या स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत राहतं. दुसऱ्या दिवशी दुसराही तेच करतो, कारण ‘तो करतो तर मी का नको?’ आठवडाभरात कुणालाच नेट नीट चालत नाही. राउटर तोच, प्लॅन तोच. बिघडलेला असतो तो फक्त वाटपाचा हिशोब.

आता राउटरच्या जागी गावाखालचं पाणी ठेवा आणि डाऊनलोडच्या जागी बोअरची मोटार. एक फरक लक्षात घ्या. नेटचा डेटा पहिल्या तारखेला पुन्हा भरतो. जमिनीतलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय भरत नाही, आणि कधी कधी तेव्हाही भरत नाही.

आजच्या लेखात आपण पाहू की पाणी, चराई, जंगल अशा ‘सगळ्यांच्या’ गोष्टी गावं एकत्र कशा सांभाळतात, त्यामागचं शास्त्र काय, महाराष्ट्रात हे कुठे जमलं, आणि हातातल्या फोनवरून तुम्हाला काय करता येईल.

आधी वारंगा फाट्यावर या

नकाशा उघडा आणि वारंगा फाटा शोधा. हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका. नांदेडहून निघालेला रस्ता इथे फुटतो: एक हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. खिचडीसाठी गाडी थांबवणाऱ्यांना हा फाटा चांगलाच ओळखीचा आहे.

आता तोच नकाशा सॅटेलाइट व्ह्यूमध्ये बघा. उत्तरेला पैनगंगेवर इसापूर धरणाचा मोठा निळा पट्टा दिसेल. हे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं धरण. याचं पाणी हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांनी वाटून घ्यायचं असतं. उजवा कालवा कळमनुरी तालुक्यातून नांदेड जिल्ह्याकडे जातो. हिंगोली शहराजवळून येणारी कयाधू नदीही पुढे पैनगंगेलाच मिळते.

म्हणजे या एकाच भागात तीन प्रकारचं पाणी आहे: नदीचं, कालव्याचं आणि जमिनीखालचं. त्यावर हळद, केळी, ऊस, सोयाबीन, हरभरा अशी पिकं उभी आहेत. कालव्याला पाणी सुटलं की वरच्या टोकाचा शेतकरी आधी घेतो, आणि ‘टेल’ला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपत येतं. जमिनीखालच्या पाण्याला तर गेटही नाही. ज्याचा बोअर खोल, पाणी त्याचं.

सामायिक संसाधन म्हणजे नेमकं काय?

दोन प्रश्न विचारा.

पहिला: दुसऱ्याला वापरण्यापासून अडवणं अवघड आहे का? दुसरा: एकाने वापरलं तर दुसऱ्यासाठी कमी होतं का?

दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ते सामायिक संसाधन. भूजल, नदी, गायरान, गावतळ्यातले मासे, जंगलातला बांबू आणि मोहफूल, सगळी याच गटातली. तुमची बाईक यात नाही, कारण चावी तुमच्या खिशात आहे. एफएम रेडिओही नाही, कारण तुम्ही ऐकलं म्हणून शेजाऱ्याचा आवाज कमी होत नाही.

भूजलाच्या बाबतीत कायद्यानेही गुंता केलाय. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी काढून वापरण्याचा हक्क देतो. कायद्याच्या कागदावर गटाची हद्द असते, पाण्याला मात्र ती माहीत नसते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पाणी वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठतं. एकच भेग चार जणांच्या शेताखालून जाऊ शकते. तुम्ही ४०० फूट बोअर मारला आणि शेजाऱ्याची विहीर आटली, तर तुम्ही चोरी केली नाही. पाणी मात्र गेलं.

सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हे खरं का?

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचा एक लेख खूप गाजला. त्याचं म्हणणं साधं होतं. कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडतो. त्या जनावराचा फायदा त्याच्या एकट्याचा आणि कुरणाचं नुकसान सगळ्यांत वाटलेलं. शेवटी कुरण उजाड. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की उपाय दोनच: सरकारने ताब्यात घ्या, नाहीतर तुकडे पाडून खासगी करा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंनी वेगळा प्रश्न विचारला: जिथे लोक प्रत्यक्षात एकत्र राहतात, तिथे खरंच असं होतं का? त्यांची पीएचडी १९६५ ची, आणि विषय कुठला? लॉस एंजेलिसजवळचं भूजल. तिथेही पंपांची शर्यत लागली होती, इतकी की समुद्राचं खारं पाणी जमिनीखाली आत शिरू लागलं. शेवटी पाणी उपसणारे एकत्र बसले, कोण किती उपसतो ते मोजलं आणि उपशाला मर्यादा घालून घेतली.

पुढे ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची डोंगराळ कुरणं, स्पेनचे कालवे, जपानची गावरानं यांचा अभ्यास एकत्र केला आणि १९९० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हार्डिनने ज्याला सामायिक कुरण म्हटलं, ते खरं तर नियम नसलेलं, कुणीही घुसावं असं कुरण होतं. माणसं बोलतात, ठरवतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, हे त्या चित्रात नव्हतंच.

टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना आठ गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर:

• वाटेकरी कोण आणि हद्द कुठली, हे स्पष्ट असतं.
• नियम त्या गावाच्या पाण्याला, मातीला, पिकाला जुळणारे असतात.
• ज्यांच्यावर नियम लागू होतो त्यांचा तो ठरवण्यात हात असतो.
• कुणीतरी लक्ष ठेवतं, आणि तो माणूस लोकांना उत्तर देणारा असतो.
• पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या चुकीला छोटा दंड, मग मोठा.
• भांडण मिटवायला जवळची आणि स्वस्त जागा असते.
• सरकार त्या व्यवस्थेत विनाकारण लुडबूड करत नाही, तिला मान्यता देतं.
• मोठ्या नदीसाठी किंवा धरणासाठी लहान गट एकावर एक जोडलेले असतात.

नीट चालणारा एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवा. सदस्य ठरलेले, नियम वर पिन केलेले, फालतू फॉरवर्ड टाकलं की आधी समज, ऐकलं नाही तर बाहेर. तत्त्व तेच. फक्त इथे पणाला मेसेज नसतात, रब्बीचं पीक असतं.

महाराष्ट्राने हे आधीच करून पाहिलंय

फड पद्धत, धुळे-नाशिक: पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यात गेली तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर छोटा बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालची जमीन काही ‘फडां’त वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडात ऊस आणि कुठल्यात कमी पाण्याचं पीक, हे सगळे मिळून ठरवणार. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे नुकसान एकट्याच्या डोक्यावर पडत नाही. पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या गावाने नेमलेला असतो. म्हणून आपण विहिरीवरून भांडायचं आणि त्यांनी पाटावर नांदायचं, हे काही त्यांच्या स्वभावामुळे नाही. त्यांच्याकडे नियम होते.

पाणी पंचायत, पुरंदर: १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातल्या नायगावात हा प्रयोग सुरू केला. त्यांनी पाणी जमिनीपासून वेगळं केलं. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा हिशोबच बदलला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस नाही. पन्नास वर्षं झाली, तरी यातला प्रत्येक नियम आजही ग्रामसभेत मांडला तर खळबळ उडेल.

वाघाड, नाशिक: ओझर भागातल्या टेलच्या शेतकऱ्यांना धरण जवळ असून पाणी मिळत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेने सरकारकडून पाणी मोजून घ्यायचं आणि आपल्या सभासदांत वाटायचं. पुढे वाघाड प्रकल्पावरच्या २४ संस्था एकत्र आल्या आणि प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हातात आला. आठव्या तत्त्वाचं हे आपल्या मातीतलं उदाहरण.

याच अनुभवातून पुढे २००५ मध्ये महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम आला. इसापूरसारख्या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातही पाणी वापर संस्था याच कायद्याने चालतात. संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि टेलच्या भागातले प्रतिनिधी घ्यावे लागतात. कायदा करणाऱ्यांना भांडण नेमकं कुठे होतं ते माहीत होतं!

हिवरे बाजार, अहिल्यानगर: पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे सगळं तुम्ही ऐकलं असेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथला पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, हे मोजायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं. उरेल त्यावर रब्बीची पिकं ग्रामसभेत ठरवायची. शेतीसाठी बोअरला बंदी, ऊस-केळीसारख्या पिकांना मनाई. लोक पाझर तलाव बघायला जातात, पण पाणी टिकलंय ते त्या दरवर्षीच्या बैठकीमुळे.

मेंढा (लेखा), गडचिरोली: या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. म्हणजे एकाचाही विरोध असेल तर चर्चा चालू राहते. २०१३ मध्ये तर गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली खासगी जमीनही ग्रामसभेच्या नावावर केली.

पाण्याचा ताळेबंद: हे गणित कॅल्क्युलेटरवर करा

हे गणित अवघड नाही, आठवीच्या मुलालाही जमेल. सूत्र एकच लक्षात ठेवा: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, म्हणजेच १० घनमीटर पाणी.

समजा एक गाव आहे. क्षेत्र ८०० हेक्टर, लोकसंख्या २,०००, जनावरं १,०००, आणि वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर.

पावसाचं एकूण पाणी: ८०० × ८०० × १० = ६४ लाख घनमीटर. ऐकायला प्रचंड. पण यातलं बहुतेक पाणी बाष्प होऊन जातं, खरिपाची पिकं पितात, ओढ्याने वाहून जातं. विहिरी-बोअरमधून वापरायला समजा दहावा हिस्सा उरला. म्हणजे ६ लाख ४० हजार घनमीटर.

आता खर्चाची बाजू:

• माणसांना रोज ५५ लिटर: वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर.
• जनावरांना रोज सरासरी ५० लिटर: वर्षाला सुमारे १८ हजार घनमीटर.
• उरलं: सुमारे ५ लाख ८० हजार घनमीटर.

हरभऱ्याला हेक्टरी अंदाजे २,५०० घनमीटर पाणी धरा. उरलेल्या पाण्यात २३२ हेक्टर हरभरा निघतो. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी अंदाजे २० हजार घनमीटर धरा. त्याच पाण्यात फक्त २९ हेक्टर ऊस.

आणखी एक आकडा बघा. या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी म्हणजे दोन हेक्टर उसाचं पाणी. पाच एकर! मार्चमध्ये टँकर लागला तर ‘पाऊसच कमी झाला’ असं म्हणण्याआधी ही बेरीज-वजाबाकी एकदा करून बघा.

यात ऊसवाला शेतकरी खलनायक नाही. त्याला साखर कारखाना खात्रीने पैसे देतो, हरभऱ्याचा भाव बाजारात पडतो. एकट्याने ऊस सोडला तर त्याचं पाणी शेजारी उपसणार, हेही त्याला माहीत आहे. म्हणूनच हा निर्णय एकट्याचा होऊ शकत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी ठरवलं तरच कुणाचंही नुकसान न होता तो निभतो.

मराठवाड्याने हे न ठरवण्याची किंमत पाहिली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांत भरून पाणी आणावं लागलं होतं. त्या पहिल्या गाडीत होतं ५ लाख लिटर, म्हणजे ५०० घनमीटर. वरच्या गणितात ते किती उसाला पुरलं असतं, हे आता तुम्हीच काढा.

जमिनीचं काय? गायरानाचा गुंता

गायरान म्हणजे गावाच्या जनावरांसाठी राखून ठेवलेली जमीन. मालकी सरकारची, देखरेख ग्रामपंचायतीची. शेळीवाल्यांना, दुधाचं एखादंच जनावर असलेल्यांना, धनगर समाजाला तिचा आधार. पण गायरानावर आज चराईशिवाय बरंच काही आहे: शाळा, स्मशानभूमी, घरं, शेती आणि कुठे कुठे बड्या लोकांची कुंपणंही.

जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. ऐकायला सोपं वाटतं. पण मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांत मोठा वर्ग भूमिहीन दलित कुटुंबांचा आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात पडीक सरकारी जमीन कसायला मिळावी हीच मागणी होती. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर १९९१ मध्ये शासन निर्णय काढून १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी सरकारने दिलेल्या जमिनी आणि शाळा-दवाखाने यांचा अपवाद आहे.

त्यामुळे ‘गायरानावरचं अतिक्रमण’ असं स्टेटस टाकण्याआधी विचारा: कुणाचं अतिक्रमण? दोन एकरांवर ज्वारी काढून पोट भरणाऱ्याचं, की वीस एकर असताना आणखी दहा एकरांना कुंपण घालणाऱ्याचं?

‘सगळे’ म्हणजे कोण?

सामायिक व्यवस्थेचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. गाव एकत्र येतं तेव्हा गावातले सगळे येतात असं नाही.

महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. कागदावर. प्रत्यक्षात अस्पृश्यांना तिथे पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रहींनी तिथलं पाणी घेतलं, आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. कोर्टाची लढाई पुढे दहा वर्षं चालली आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

आजही पाणी वापर संस्थेचं सभासदत्व जमिनीशी जोडलेलं असतं. जमीन बहुतेक पुरुषाच्या नावावर. घरात पाणी भरणारी बाई बैठकीत नाही, शेतमजूर बैठकीत नाही. ऑस्ट्रॉम यांचं पहिलं तत्त्व ‘वाटेकरी ठरवा’ असं सांगतं. वाटेकरी ठरवणारे कोण, हा प्रश्न आपल्याला महाडने शिकवला. साळुंख्यांनी भूमिहीनांना पाण्याचा वाटा दिला तो म्हणूनच मोठा बदल होता.

तंत्रज्ञानाने प्रश्न सुटतो का?

थोडा सुटतो, थोडा वाढतोही. तीन उदाहरणं बघा.

ऑटो स्टार्टर: लाइट आली की मोटार आपोआप सुरू. रात्री-अपरात्री शेतात जायचा, विंचू-सापाचा धोका टळला, हे फार मोठं काम. पण सगळ्यांच्या मोटारी एकदमच सुरू होतात, आणि गरज संपली तरी चालू राहतात.

ठिबक: त्याच पिकाला पाणी बरंच कमी लागतं. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहतं का? अनेकदा त्या पाण्यावर आणखी एक एकर केळी वाढते. शेतकऱ्याचा फायदा होतो, गावाची पातळी जिथल्या तिथे.

सौर पंप: बिल नाही, दिवसा पाणी, लोडशेडिंगची कटकट नाही. पण बिल नसलं की पंप बंद करायचं कारणही उरत नाही.

यंत्र वाईट नाही. यंत्र उपसायचं काम सोपं करतं, किती उपसायचं ते सांगत नाही. ते माणसांनाच ठरवावं लागतं.

कायद्याची मदत आहे. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घेण्यावर निर्बंध घातले. २००९ च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहिरी-बोअरवर बंदी घातली. आता तुमच्या गावात किती बोअर २०० फुटांच्या आत आहेत ते मोजा. कायदा आणि शेत यांच्यातलं अंतर लगेच कळेल.

तुमच्या फोनवरून काय करता येईल?

१. विहीर मोजा. एका दोरीला वजन बांधा, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. पाच विहिरींचे आकडे गुगल शीटमध्ये भरा आणि ग्राफ काढा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तुमच्याकडे बारा नोंदी असतील.

२. पाऊस बघा. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात. वरच्या सूत्रात टाका.

३. तयार ताळेबंद मागा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, हिंगोलीतही राबवला गेला. गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढायची पद्धत त्यासाठी आयआयटी मुंबईच्या मदतीने तयार झाली. तुमचं गाव त्यात होतं का, कृषी विभागात विचारा.

४. गायरान शोधा. महाभूलेखवर जिल्हा हिंगोली, तालुका कळमनुरी, मग गाव निवडून गट नंबर टाका. गायरानाचा गट कुठला हे ग्राममहसूल अधिकाऱ्यांकडे कळेल. सातबारावर क्षेत्र किती आणि इतर अधिकारात काय नोंद आहे, ते वाचा.

५. गावाचा आराखडा उघडा. ई-ग्रामस्वराज आणि मेरी पंचायत या अ‍ॅपवर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. पाण्यावर किती ठेवलेत आणि किती खर्च झाले, ते बघा.

६. ग्रामसभेत बसा. १८ वर्षं पूर्ण आणि मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. कुणी बोलवायची गरज नाही. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. घरातल्या आई-ताईला तिची तारीख सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावाने ठरवलेला नियम कुणी मोडला तर?
ग्रामसभेचा ठराव लेखी असेल आणि दंड आधीच ठरला असेल तर बहुतेक वेळा गावकीचा दबाव पुरतो. बेकायदा खोल बोअरसारख्या बाबतीत कायद्याखाली तक्रारही करता येते.

आमच्या गावात दोन गट आहेत, एकत्र कसे येणार?
नियमापासून सुरू करू नका, मोजण्यापासून करा. विहिरीची पातळी कुठल्याच पक्षाची नसते. आकडे देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीवर दिसू लागले की बोलणं आपोआप सुरू होतं.

कालव्याचं पाणी टेलला पोचत नाही, काय करायचं?
तुमच्या चारीची पाणी वापर संस्था आहे का, आणि संचालक मंडळात टेलचा प्रतिनिधी कोण, ते आधी शोधा. शेजपाळीत पाणी टेलकडून वर द्यायचं असतं. पाळीपत्रक मागणं हा तुमचा हक्क आहे.

आम्ही मुलं, आमच्या नावावर जमीन नाही. आमचं कोण ऐकणार?
सातबारा वडिलांच्या नावावर असला तरी गुगल शीट तुमच्या नावावर असते. दोन उन्हाळ्यांचे आकडे हातात असलेल्या पोराला बैठकीत गप्प बसवणं सोपं नसतं.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

सामायिक गोष्ट आपोआप संपत नाही आणि आपोआप टिकतही नाही. ती टिकते मोजल्याने, बोलल्याने, आणि ठरलेलं पाळल्याने. फडाच्या पाटकऱ्याकडे स्मार्टफोन नव्हता, तरी कुणाची पाळी कधी हे त्याला पाठ होतं. तुमच्या फोनमध्ये नकाशा, कॅल्क्युलेटर, शीट आणि सातबारा सगळं आहे. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये पहिली विहीर मोजा. रब्बीची पेरणी होण्याआधी तो आकडा गावाच्या ग्रुपवर टाका, आणि खाली एवढंच विचारा: यंदा उन्हाळ्यापर्यंत हे पुरवायचं कसं?